पाथरटोल्याची लेक

काळवाडीच्या जुन्या पांढरीच्या टेकाडात उत्खननात सापडलेल्या, साडेतीन हजार वर्षांपूर्वी वारलेल्या बाईंना पंचमीसाठी माहेरी न्यायला पाथरटोल्याहून मुराळी आला. बाईंचा सख्खा भाऊ आता हयात नसल्याने गावाने हिरामण कापगते याला भाऊ नेमले होते. रीतीप्रमाणे त्याने अनारशांचा डबा आणला होता. लेकीला न घेता परतणाऱ्या मुराळ्याला पाथरटोल्यात कोणी ताट वाढत नसे.

"पाव्हणं, लेक तुमचीच कशावरून?" सरपंच गव्हाणे आबांनी विचारले.

उत्तर संशोधक वैजयंतीबाईंनी दिले. "खडकातले स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य गावागणिक वेगळे; ते पाण्यात उतरते, पाण्यातून अंगात. दात बालपणी घडतात आणि पुढे बदलत नाहीत. यांचे दात पाथरटोल्याच्या तळ्याचे आहेत. हाडे मात्र हळूहळू पालटत राहतात; ती तुमच्या गावची."

"म्हणजे नीट नांदली," आबा मिशीवरून हात फिरवीत म्हणाले. "मग जायचं कशाला?"

पाटावर बसवलेल्या बाईंनी कवटी वळवली. "नांदले म्हणून माहेर तुटलं का?"

हिरामण पुढे झाला. "चला, बाई."

"चालू कशानं?"

सगळ्यांनी बाईंच्या घोट्यांकडे पाहिले. मृताने उठून जाऊ नये म्हणून घोट्यापासून पाय तोडून पुरण्याची त्या काळी इथे रीत होती.

"आमचे पूर्वज दूरदर्शी," आबा पुटपुटले.

"दूरदर्शी कसले! एकदाच सणाला जाते म्हटलं होतं."

हिरामण खाली बसला आणि त्याने पाठ पुढे केली. बाई चढल्या. आबांचा नाइलाज झाला. "पोळ्याला परत पाठवा," एवढेच ते म्हणाले. एसटीत कंडक्टरने ज्येष्ठ नागरिक म्हणून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. वयाचा पुरावाही मागितला नाही. पाथरटोल्याच्या वेशीवर बायांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि हिरामण बाईंना पाठीवर घेऊनच फुगडीत शिरला.

पोळा उलटला तसे आबा स्वतः न्यायला आले. बाई तळ्याच्या पायरीवर बसून तांब्यामागून तांब्या रिचवीत होत्या.

"सूनबाई, निघायचं ना?"

"आत्ता कुठं डावा खांदा इथला झालाय," बाई म्हणाल्या. "बाकीची हाडं पालटू द्या. दहाएक वर्षं लागतात म्हणे."

हिरामणने पाहुण्यांची रीत म्हणून तळ्याच्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला. प्रवासाने आबांच्या घशाला कोरड पडली होती. तरी त्यांनी लांबूनच हात जोडले.