दत्तोबाच्या उसातलं मयत

"आज ऊस गेला म्हणून समजा! आता कुणी आडवा येऊ दे, माझी तोड थांबत न्हाय!"

अंगणात उभं राहून, अख्ख्या निरवांगीला ऐकू जाईल अशा आवाजात दत्तोबा हे बोलला. आणि का बोलू नये? ऊस सोळा महिन्यांचा झालेला, तुरे आलेले, रोज वजन घटतंय आणि कारखान्याची टोळी काही फडात उतरत नव्हती. चिटबॉय दीपक, म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची ते ठरवणारा कारखान्याचा माणूस, त्याला चहा पाजून पाजून दत्तोबानं नाक्यावरच्या हॉटेलवाल्याचं घर बांधून दिलं होतं! अखेर त्या दिवशी टोळी आली, कोयते चालू झाले. मुकादमानं फक्त एक मागणी केली.

"तात्या, पोरं म्हणत्यात आज भिगवणचं मासं पायजेत."

"मासं काय, अख्खी उजनी आणतो!"

दत्तोबानं मोटरसायकलला किक मारली. आनंद एवढा की मोबाइल घरात चार्जिंगलाच राहिला आणि उसाच्या पलीकडल्या कोपऱ्यातलं बोकड तर डोक्यातून पार निघून गेलं.

आता हे बोकड कुठलं? तर रेश्माचं. रेश्मा म्हणजे दत्तोबाची भाची, कऱ्हाटीच्या सारजाची लेक. पोरगी डॉक्टर झाली म्हणून मामानं गावभर पेढे वाटले, आणि मग कळलं की ही माश्यांची डॉक्टर! त्याही घरातल्या साध्या माश्या न्हाईत, मेलेल्या अंगावर बसणाऱ्या माश्या. कुठली माशी आधी येते, अंडी कुठं घालते, अळी किती वाढली, हे बघून मेलेला कधी मेला ते ती सांगायची. पोलिसांना म्हणे त्याचा उपयोग होतो. जेवायला बसली की डोळे चमकवत अळ्यांची अशी वर्णनं करायची की दत्तोबाच्या हातातली भाकरी हातातच राहायची.

"मामा, हिरव्या माशीचा रंग कधी जवळून बघितलाय? पैठणी झक मारती!"

"आगं, तुझ्या पैठणीच्या! गप जेव!"

पण भाची पडली. भाचीला नाही म्हणायचं कसं? तिनं एक मेलेलं बोकड उसात ठेवायला जागा मागितली, दत्तोबानं तोंड वाकडं करत दिली. पुढचं मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. रेश्मा मामीला म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या अंगावर कपडे असतात मामी, तर बोकडालाही घालायला पाहिजेत. काही जुनं असलं तर द्या." आणि मामीनं, म्हणजे बनाबाईनं, क्षणाचाही विचार न करता पेटीतून दत्तोबाचा पिवळा सफारी काढून दिला! मेहुण्याच्या लग्नात शिवलेला हा सफारी दत्तोबानं त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात, बारशात आणि कारखान्याच्या सभेत घातला होता. लोक आधी सफारी ओळखायचे, मग दत्तोबाला. बनाबाईला तो सफारी घराबाहेर घालवायला निमित्तच पाहिजे होतं. दोघींनी बोकडाला शर्ट घातला, पँट चढवली, सुतळीनं बांधली, तोंड उसाच्या वाळक्या पाल्यात, पाचटात गेलं आणि कुत्र्यांनी ओढू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या टाकल्या.

दत्तोबा माशांचा भाव करत असताना टोळी त्या कोपऱ्यात पोचली.

"आगं आई गं! मुडदा!" एका बाईनं कोयता टाकला आणि पळत सुटली.

दीपक नाकाला रुमाल लावून लांबूनच वाकला. पिवळं कापड दिसलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आरारारा! दत्तोबा तात्या! कुणीतरी मारून वर फांद्या टाकल्या की रं!"

"पर आत्ता सकाळी तर बोलला माझ्याशी," मुकादम म्हणाला. "एवढा वास कसा?"

"ऊन केवढं हाय बघ की!"

संपलं! एवढ्या एका वाक्यावर दत्तोबा मेला. फोन लावावा तर तो घरातच वाजतोय. बायका रडत बनाबाईकडं गेल्या, "बनाबाई, घात झाला! दत्तोबा पिवळा सफारी घालून उसात पडलाय!" तर बनाबाई पदर तोंडाला लावून खदाखदा हसायला लागली.

"आवं, ते बोकड हाय!"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. नवरा मेलेला आणि ही त्याला बोकड म्हणती! धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला म्हणत चौघींनी तिला धरून खाली बसवलं, एकीनं डोक्यावर पाणी ओतलं, दुसरीनं नाकाशी कांदा फोडला. ती जितकी ओरडून सांगायची की बोकड हाय, बोकड हाय, तितक्या बायका जास्त रडायच्या.

तिकडं भावकीतल्या दादासाहेबानं मोबाइलवर फोटो टाकला, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटोतही तोच सफारी! आणि मग हात जोडून तो दीपकला म्हणाला, "आमचा माणूस गेला. आज त्याच्या उसाला कोयता लावणं बरं दिसत न्हाय. टोळी रिकामी बसवण्यापरीस माझ्या फडात घाल."

दुपारी दत्तोबा माशांची पिशवी हँडलला अडकवून परतला तो वाटेतच ट्रॅक्टर आडवा आला. ट्रॉलीत ऊस होता. पण निघाला होता दादासाहेबाच्या फडातून! दत्तोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोटरसायकल तशीच आडवी टाकून, पिशवी तेवढी हातात घेऊन तो बांधावरून ओरडत सुटला.

"दीपक्या! माझी तोड कुठं गेली? कुणाच्या बापाला इचारून टोळी हलवलीस?"

दीपकनं त्याला बघितलं आणि दोन पावलं मागं सरला. "तात्या, तुमी तर पिवळ्या सफारीत उसात वारला हुता."

"कोण वारला? मी वारलो? हा काय उभाय तुझ्या म्होरं!"

"आता हाय. सकाळी न्हवता. मयताच्या उसाला तोड कशी लावायची? मानुसकी हाय का न्हाय?"

"मग घाल टोळी परत!"

"एकदा फडात शिरलेली टोळी तो फड सपल्याबिगर निघती व्हय? हा झाला की दादासाहेबाचा कॅनॉलकडला फड. मग तुमचा."

दादासाहेब पुढं आला, चेहरा पाडून. "दत्तोबा, तुझं दुःख हलकं करावं म्हणून तोड मी अंगावर घेतली रं."

दत्तोबानं ढेकूळ उचललं. नेमकी तेवढ्यात कऱ्हाटीची जीप आली आणि सारजा हंबरडा फोडत उतरली. "दत्ता रं माझ्या! कसा गेलास रं!" रडत रडत ती ज्याच्या गळ्यात पडली तो दत्तोबाच निघाला. तिनं डोळे पुसले, नीट बघितलं आणि खाडकन त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेला न्हाईस तर मग मला हितवर रडवत कशाला आणलंस? जीपवाल्याला काय सांगू?"

म्हणजे मेला म्हणून तोड गेली आणि मेला नाही म्हणून मार! दत्तोबाच्या अंगाची लाही लाही झाली. आता त्याला कोपऱ्यातलं बोकड आठवलं आणि या सगळ्याच्या मुळाशी जी होती तिला धरायचं म्हणून तो तणतणत उसाच्या कोपऱ्याकडं निघाला.

तिथं जत्रा भरली होती. मधोमध अळ्या बघायला आलेली रेश्मा बसलेली, हातात चिमटा, चिमट्यात अळी. भोवती इंदापूरहून आलेला हवालदार, अर्धी टोळी, मुकादम, गावातल्या म्हाताऱ्या, सगळे नाकावर पदर-रुमाल धरून वाकलेले. हवालदार तर बरणी धरून उभा होता.

"ही तीन दिवसांची अळी," रेश्मा रागानं बोलत होती. "शेंबड्या पोरालाही कळेल! सकाळी बोललेल्या माणसाच्या अंगावर तीन दिवसांची अळी येईल का? एकानं तरी नीट बघायचं होतं! बोकडाचं शेपूट दिसत होतं!"

"चुकलंच मॅडम," हवालदार म्हणाला. "पर ही आता कितव्यांदा कात टाकणार?"

"दुसऱ्यांदा! थांबा, दाखवते. काय देखणी झालीय बघा."

"पोरी!" दत्तोबा कडाडला. "तुझ्या देखण्या अळीपायी माझी तोड गेली! आन माझा सफारी बोकडाच्या अंगात! उचल हे मढं!"

"मामा, अजून चार दिवस हात लावायचा नाही. इतके सुंदर आकडे मला आजवर मिळाले नाहीत."

"आकडे गेले चुलीत! मला एवढंच सांग, मेलेला कधी मेला ते तुला कळतं, मग माझी तोड कधी येणार ते सांग!"

रेश्मानं चिमटा खाली ठेवला. तिनं खरोखरच विचार केला. "मामा, त्यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही."

गर्दीतल्या एकूण एक ऊसवाल्यानं मान डोलावली. मुकादमानं हळूच पिशवीतले मासे ताब्यात घेतले. दत्तोबा बांधावर बसला, दात खात, दादासाहेबाच्या फडातून निघणाऱ्या दुसऱ्या ट्रॉलीकडं बघत. मग भाचीजवळ सरकला आणि दिवसभरात पहिल्यांदाच आवाज खाली आणून म्हणाला, "रेश्मा, हे पुढचं बोकड कुठं ठेवणार हायस?"

"अजून ठरलं नाही. का हो मामा?"

"न्हाय, दादासाहेबाचा कॅनॉलकडला फड लई गार हाय. माश्या बी चांगल्या असत्यात. बोकड मी बघतो." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "आन दोरीवरनं दादासाहेबाचा सदरा बी मीच आणून देतो."