नुसतं बसण्याचा रकाना

वॉल्टर तुस्कानोला चार दिवस नुसतं बसायचं होतं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात पाइपांचे सांधे बनवणाऱ्या एका कंपनीचं स्टोअर बावीस वर्षं सांभाळल्यावर माणसाला एवढी हौस असायला हरकत नसावी. आजवरची प्रत्येक रजा वसईला गेली होती, म्हणजे भाचरांची लग्नं, बाप्तिस्मे आणि छपराचा मिस्त्री यांच्यात गेली होती. या वर्षी लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि बायकोने, ब्रिजिटने, आधीच बजावलं होतं, "या वेळी कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. समुद्रासमोर दोन खुर्च्या टाकायच्या. तू आणि मी. खलास."

समुद्र दुबईतही आहे. पण कंपनीच्या आनंद विभागाने नुकतंच एक परिपत्रक काढलं होतं. गावाहून परतलेले कर्मचारी जाताना होते त्याहून जास्त थकलेले असतात, असं पाहणीत आढळलं होतं. सबब, मायदेशी किंवा अमिरातीत घालवलेली रजा यापुढे विश्रांती म्हणून धरली जाणार नव्हती. विश्रांती 'अनुभवसमृद्ध परदेशी स्थळी' घ्यायची होती आणि तिथे पाहण्याजोग्या व करण्याजोग्या किमान अठरा गोष्टी अ‍ॅपमध्ये आगाऊ निवडायच्या होत्या. अठरापैकी एक जरी राहिली, तरी संपूर्ण रजा गैरहजेरी ठरणार आणि कर्मचाऱ्याने सलग सहा शनिवार 'विश्रांती सुधार कार्यशाळेला' बसायचं.

वॉल्टरच्या तारखांना एकच स्थळ शिल्लक होतं, ज्वालामुखीचं एक बेट. त्याने यादी वरून खाली आणि खालून वर वाचली आणि तो आनंद विभागाच्या मुनिबा मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, इसमें खाली बैठने का कुछ नहीं है?"

"सर, बैठना अनुभव नहीं है," मुनिबा अदबीने म्हणाली. "बैठते तो आप स्टोअर में भी हैं."

वॉल्टरने अठरा चौकटींवर टिचकी मारली.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला ती दोघं ज्वालामुखीच्या तोंडाशी उभी होती. आत धूर होता, बाहेर कुजक्या अंड्यांचा वास होता आणि मागे फोटोची रांग होती. मग लाव्हाची गुहा झाली, ती हेल्मेट घालून ओणव्याने बघायची. काळ्या वाळूवरून अनवाणी चालणं झालं. कोमट चिखलात गळ्यापर्यंत बुडणं झालं. जमिनीतल्या वाफेवर उकडलेलं अंडं अठ्ठावीस दिरहॅमला एक होतं. "म्हणजे साडेसहाशे रुपये," ब्रिजिट मोठ्याने म्हणाली आणि तेवढ्या रकमेचा मान ठेवून तिने पर्समधली वसईच्या घरगुती बॉटल मसाल्याची पुडी काढून त्यावर भुरभुरली. चार दिवसांत चवीने केलेली ती एकच गोष्ट.

प्रत्येक अनुभवानंतर भावना नोंदवायची होती. भारावलो, अवाक झालो आणि अंतर्मुख झालो, असे तीन पर्याय होते. 'गुडघे दुखले' हा पर्याय नव्हता. वॉल्टरने मुलीला, करेनला, बर दुबई भागातल्या घरी फोन लावला. ती म्हणाली, "डॅडी, जस्ट स्माइल अँड क्लिक. नोबडी रीड्स द फीलिंग्ज." त्यानंतर वॉल्टर दिवसातून चारदा अंतर्मुख होऊ लागला.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत सतरा गोष्टी उरकल्या. अठरावी होती डोंगरमाथ्यावरून दिसणारा सूर्यास्त. नेमका त्याच दुपारी डोंगर आतून गुरगुरला आणि वाट बंद झाली. वॉल्टरने अ‍ॅपला तसं कळवलं. तत्काळ उत्तर आलं: 'ज्वालामुखीच्या वर्तनास कर्मचारी स्वतः जबाबदार राहील.'

"गेले सहा शनिवार," वॉल्टर म्हणाला.

"जाऊ देत," ब्रिजिट म्हणाली. विमानाला पाच तास होते. तिने बंद पडलेल्या चहाच्या टपरीमागून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून आणल्या आणि काळ्या वाळूत रोवल्या. दोघं बसली.

समोर समुद्र होता. त्याचा फोटो कुणी काढला नाही. ब्रिजिटने चपला काढून पाय त्याच्या खुर्चीच्या दांडीवर ठेवले. तिच्या कानामागचे केस पांढरे झाले होते आणि ते कधी झाले, हे वॉल्टरला माहीत नव्हतं. त्याला एकदम फार बरं वाटलं आणि थोडं वाईटही. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोन थरथरला: 'बारा मिनिटांपासून आपली हालचाल थांबली आहे. आपण ज्वालामुखी क्षेत्रात आहात. मदत हवी का?'

त्याने फोन ब्रिजिटच्या पर्समध्ये, मसाल्याच्या पुडीखाली टाकला.

विसाव्या मिनिटाला हेल्मेट घातलेली सहा माणसं दोन स्ट्रेचर घेऊन धावत आली. कुठे दुखतंय, असं त्यांनी विचारलं. कुठेच नाही, आम्ही नुसते बसलोय, असं वॉल्टरने सांगितलं. हे लक्षण गंभीर म्हणून लिहून घेण्यात आलं. सापडलेल्या माणसाला चालू देण्याची नियमात सोय नसल्याने दोघांना पट्टे बांधून विमानतळापर्यंत आडवं नेण्यात आलं. वाटेत फोन वाजला: 'अभिनंदन. अठरावा अनुभव पूर्ण: बचावकार्य. आपली भावना निवडा.'

सहा शनिवार वाचले. मान आखडलेल्या वॉल्टरला भर सभेत 'सर्वाधिक विश्रांत कर्मचारी' हे प्रमाणपत्र मिळालं. बचावकार्य अधिकृत यादीत चढलं आणि इतकं लोकप्रिय झालं की, वॉल्टरला रजा अनुभव समितीचा प्रमुख नेमण्यात आलं. त्याच्या टेबलावर आता पाटी होती आणि यादीत नवा रकाना घालण्याचा अधिकारही.

महिन्याभराने लोडिंगचा रफिक आला. अकरा वर्षांत त्याने सलग दोन दिवस सुट्टी पाहिली नव्हती.

"वॉल्टरभाई, मेरे को चार दिन खाली सोना है. उसका कुछ डालो ना लिस्ट में."

वॉल्टरला त्याची खरोखर दया आली. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण नव्या रकान्याला समितीप्रमुखाच्या स्वानुभवाचा दाखला जोडावा लागे. तो जोडला की, त्या दुपारी आपण सापडलेले नव्हतो, बसलेले होतो, हे कागदावर येणार. मग प्रमाणपत्र जाणार, पाटी जाणार आणि सहा शनिवार परत येणार.

त्याने बोट मागे घेतलं.

"रफिकभाई, सोना अनुभव नहीं है," तो अदबीने म्हणाला. "सोते तो आप लेबर कॅम्प में भी हो."

वॉल्टरचा राग आलेल्या वाचकांचं म्हणणं नोंदवून घेतलेलं आहे. मात्र वाचताना त्या दोन खुर्च्यांत आपणही नुसतं बसावं, असं किती जणांच्या मनात आलं आणि बेटाचं नाव काय, पॅकेज कितीचं, असं किती जणांच्या, हे त्यांनी आपापलं तपासावं. नाव समितीकडे मिळेल. बचावकार्याचं बुकिंग मार्चपर्यंत फुल आहे.