बोटं तीसपैकी तीस

गरज माणसाला असते; पण ती खरी की खोटी हे ठरवायला, ज्याला ती नाही असाच माणूस लागतो. पोट भरलेल्याशिवाय भुकेचं नि:पक्षपाती मोजमाप कोण करणार? याच थोर तत्त्वावर लाकूडकाम यंत्र अनुदान मूल्यमापन समिती उभी आहे. (उभी म्हणायची पद्धत. समिती बसते.)

समितीत पाच तज्ज्ञ. एकाचा जन्म मत्स्यपालनात गेला, दोघांना कायदा कळतो, चौथे अध्यक्षांचे मित्र आणि पाचवे खुद्द अध्यक्ष. लाकडाशी पाचांचाही संबंध खुर्चीपुरता. लाकूड कापणारा माणूस पक्षपाती असतो, म्हणून सुतारांना समितीत घेत नाहीत.

या समितीकडे एका सुताराने प्रस्ताव धाडला. त्याच्या कारखान्यात माणसं तीन: तो, पॉलिश मारणारी त्याची बायको आणि करवतीवर उभा राहणारा मेहुणा. करवत मोटारीची, गोल पात्याची, सासऱ्यांच्या वेळची. बेअरिंग झिजलेलं. पातं फिरताना डुलायचं आणि मनात आलं की फळी उलटी छातीवर फेकायचं. सुताराला हवं होतं पात्यावर झाकण असलेलं, हात लागला की जागच्या जागी थांबणारं नवं यंत्र. 'उद्देश' या रकान्यात त्याने दोनच शब्द लिहिले: "मेहुण्याची बोटं."

(उद्देश किमान दोनशे शब्दांत लिहायचा असतो. पाच गुण इथेच गेले.)

'नावीन्य' या सदरात विचारलं होतं, आपलं उत्पादन जगात अन्य कोणी करतं का. सुतार खुर्च्या करायचा. शून्य. 'रोजगारनिर्मिती'त विचारलं होतं, यंत्रामुळे किती माणसं वाढतील. त्याने लिहिलं, "वाढणार नाही, आहे तो शाबूत राहील." शाबूत राहणं म्हणजे निर्मिती नव्हे, तरी समितीने मोठ्या मनाने दोन गुण दिले. कागदपत्रं मात्र चोख होती. सगळं मिळून पस्तीस भरले. पास व्हायला पन्नास. उरलं 'सुरक्षितता', गुण तीस, आणि ते प्रत्यक्ष पाहणीवर.

पाहणीचं पत्र आलं आणि सुताराने नको ते केलं. दोन दिवस काम बंद ठेवून त्याने करवत उघडली, झिजलेल्या बेअरिंगमागे पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, ग्रीस भरलं, पात्याला धार लावली.

बायको म्हणाली, "अहो, ते मोडकं बघायला येतायत. तुम्ही नटवताय कशाला?"

"परका माणूस येऊन माझ्या कारखान्यात पातं डुलताना बघणार? उद्या मला खुर्ची कोण सांगेल?"

"खुर्ची राहू दे. माझ्या भावाला नवी करवत कोण देईल?"

यावर सुताराने पात्यावर फडकं मारलं.

तपासनीस आला. मेहुण्याने फळी सारली. लोण्यातून सुरी जावी तशी करवत गेली.

"झकास चालतंय की!"

"साहेब, पत्रा ठोकून चालवलंय. चार दिवसांत परत डुलेल."

"चार दिवसांनी पाहणी नाहीये. पाहणी आज आहे. अपघात किती, तीन वर्षांत?"

"एकही नाही," सुतार छाती काढून म्हणाला.

"हात दाखवा सगळ्यांनी."

"दाजी, हे बोटं कशाला मोजतायत?"

"दाखव रे. आपण काय कुणाची चोरलीत?"

तपासनीसाने दोनदा मोजून नोंद केली: 'बोटे: अपेक्षित तीस, आढळली तीस. तूट निरंक.' माणूस तसा मनाचा वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "एखादं जुनं, किरकोळ असतं तरी जमलं असतं. करंगळीला वीस गुण आहेत."

"आणि अंगठ्याला?" बायकोने विचारलं.

"पूर्ण तीस. पण फेरअर्जावर सही लागते ना, म्हणून आम्ही अंगठ्याचा आग्रह धरत नाही."

"तुमची मोजली का हो कुणी, साहेब?"

तपासनीसाने उगाच हात खिशात घातले.

पद्धत शास्त्रशुद्ध आहे, हे आकड्यांवरून दिसेल. गेल्या वर्षी चौदा कारखान्यांना यंत्रं मिळाली. त्यांत मिळून एकोणीस बोटं कमी होती. दर यंत्रामागे एक पूर्णांक छत्तीस शतांश बोट. (शतांश बोट कोणाचं, हे अहवालात नाही.) बोटं जपणारं यंत्र बोटं नसलेल्यांनाच मिळाल्याने त्या यंत्रांवर पुढे फारसे अपघातही झाले नाहीत. योजना यशस्वी ठरली.

पाचव्या दिवशी पातं डुलायला लागलं आणि आठव्या दिवशी निकाल आला. सुताराने मोठ्याने वाचला: "सुरक्षितता, शून्य. धोका सिद्ध होत नाही. गरज उद्भवल्यास वैद्यकीय दाखल्यासह पुन्हा अर्ज करावा."

"म्हणजे आता माझ्यावरच आहे म्हणायचं," मेहुणा हसला.

"गप रे मेल्या!" बहिणीचा ब्रश हातातच राहिला.

सुतार म्हणाला, "सरक. आजपासून करवतीवर मी."

"दाजी, फेरअर्जावर सही तुमची लागते. माझी नाही." आणि त्याने बटण दाबलं.

पातं फिरलं, डुललं. फळी पुढे सरली. मध्ये गाठ आली, करवत भुंकली, फळी थरथरून उचलली गेली. मेहुण्याचे हात पात्यापासून वीतभर, मग चार बोटं, मग दोन. बहिणीने डोळे मिटले. खट् आवाज झाला आणि फळीचे दोन तुकडे होऊन खाली पडले. मेहुण्याने दुसरी फळी घेतली.

बस्स, एवढंच. बोटं आजही तीस आहेत.

थोडा विरस झाला ना? संकोच नको. तपासनीसाने मोजायला घेतली तेव्हापासून तुम्हीही एक कमी धरूनच वाचत होता. ते पडलं असतं तर हळहळला असता, चार जणांना गोष्ट वाचायला दिली असती. समितीवर सध्या एक जागा रिकामी आहे. लाकडाच्या अनुभवाची अट नाही.