अस्सल पोर्तुगीज खारा मासा

एका जंगलात, अगदी समुद्राला टेकलेल्या कोपऱ्यात, एक पोर्तुगीज बुरूज होता. तो बांधणारे केव्हाच गलबतात बसून घरी गेले. बुरूज मात्र न्यायचा राहिला. बाळांनो, अशा राहून गेलेल्या वस्तूला पर्यटनस्थळ म्हणतात.

या बुरुजाच्या सावलीत फिलूबाय नावाचं एक पाणमांजर राहायचं. तिच्या पणजीने पोर्तुगीजांच्या स्वयंपाकघरात भांडी घासली होती आणि घासता घासता स्वयंपाकही शिकून घेतला होता. पणजीच्याच चुलीवर फिलूबाय एकच पदार्थ करायची. मिठात सुकवलेला जाडजूड मासा दोन दिवस पाण्यात भिजवायचा. पाणी सारखं बदलायचं. मग बटाटा, कांदा आणि ऑलिव्हचं तेल घालून मंद आचेवर शिजवायचा. कुणी घाई केली की ती म्हणायची, "मासा भिजतोय, बाबा. परवा ये."

आता पर्यटक परवा कुठून येणार? त्यांना बुरूज बघायला तासभर मिळायचा. त्यातला अर्धा वेळ फोटोत जायचा.

समोरच कोल्होबाचं हॉटेल होतं. दारावर भलामोठा बोर्ड: 'जंगलातले एकमेव अस्सल पोर्तुगीज'. खाली रंगीत फोटो. पोर्तुगीज पनीर, पोर्तुगीज मंचुरियन आणि उपवासाची पोर्तुगीज थाळी. सशाला खाण्यापेक्षा खाऊ घालण्यात जास्त फायदा आहे, हे कोल्होबाला फार लवकर कळलं होतं. तो दारातच उभा असायचा. ससा दिसला की पंजा धरून थेट खुर्चीत बसवायचा. ससा बूड टेकतो न टेकतो तोच न मागितलेला पाव समोर यायचा. तो बिलातही यायचा, हे सशाला उठताना कळायचं.

एके दिवशी सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. बुरुजापाशी गर्दी फार झाली आहे. ज्याचं अस्सल पोर्तुगीज ठरेल, तोच तिथे राहील. दुसऱ्याने आपली चूल उचलून खाडीपलीकडच्या चिखलात जावं.

अस्सल म्हणजे काय, हे महाराजांना ठाऊक नव्हतं. राजांना ठाऊक असावं लागत नाही, बोलावणं धाडता आलं की झालं. त्यांनी थेट पोर्तुगालहून परीक्षक मागवला. गास्पार नावाचा एक म्हातारा समुद्रपक्षी.

फिलूबायचा आनंद पोटात मावेना. इतक्या वर्षांत निदान एकाला तरी चव कळणार! पण वाऱ्यावर उडत येणारा पाहुणा पोचणार कधी, कोण सांगणार? मासा जास्त भिजला तर पाणचट होतो. म्हणून गास्पार बुरुजावर उतरलेला पाहिला, तेव्हाच तिने मासा भिजत घातला.

"दोन दिवस थांब, बाबा," ती म्हणाली.

"आणि तोवर पाहुण्याला उपाशी ठेवायचं?" कोल्होबा म्हणाला. "या साहेब, आपलंच हॉटेल आहे!" आणि त्याने गास्पारचा पंख धरला.

तिसऱ्या दिवशी महाराजांसमोर फिलूबायने ताट वाढलं. गास्पारने एक घास घेतला आणि तो थांबला. दुसरा घेतला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझी आई अगदी असंच करायची," तो हळूच म्हणाला. "मी ताट चाटून पुसून ठेवायचो."

फिलूबायने मिशा पुसल्या. तिला वाटलं, वाचली पणजीची चूल.

"मग अस्सल हेच ना?" महाराजांनी विचारलं.

गास्पारने चोच पुसली. परीक्षकाची मान ताठ केली.

"महाराज, हे घरचं जेवण झालं. मला बोलावलंय बुरुजाजवळचं पोर्तुगीज हॉटेल ओळखायला. आमच्याकडे बुरुजाजवळ पंख धरून ओढतात. फोटो दाखवतात. न मागता पाव आणतात आणि बिलात लावतात. जेवण कोमट असतं आणि चव कशाचीच नसते. कोल्होबांच्या खुर्चीत बसलो आणि वाटलं, अरे, आपण घर सोडलंच नाही! इतकं हुबेहूब मी कुठेच पाहिलं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोल्होबाने सर्वांत उशिरा वाजवल्या. इतकी वर्षं आपण लबाडी करतोय असं तो समजत होता. आपण प्रामाणिक निघालो, याचा त्याला जरा धक्काच बसला.

"आणि माझा मासा?" फिलूबायने विचारलं.

"मासा उत्तम आहे," गास्पार म्हणाला. "पण उत्तम कोणतं, हे कुणी विचारलंय?"

फिलूबायने चुलीचे दगड उचलले, डोक्यावर स्वयंपाकाचा टोप घेतला आणि ती खाडी ओलांडून गेली. तिला रडू आलं. रागही आला, आणि तो रडण्यापेक्षा मोठा होता.

ऊन कलल्यावर गास्पार चिखलात उतरला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "फिलूबाय, निघण्याआधी एक ताट मिळेल का? कुणी बघत नाहीये."

टोप त्याच्या डोक्यात घालावा असं तिला क्षणभर वाटलं. पण घास खाऊन याला आई आठवली होती. तिने नुसतं टोपाकडे बोट दाखवलं.

"आत्ताच भिजत घातलाय, बाबा. परवा ये."

परतीचा वारा आजचाच होता. गास्पार उडाला. चोचीत कोल्होबाने वाटेसाठी बांधून दिलेला पाव होता. तो त्याने मागितला नव्हता.

तात्पर्य: बाळांनो, अस्सल चवीसाठी दोन दिवस थांबावं लागतं आणि पाय चिखलात घालावे लागतात. तुमच्याकडे तासभरच असेल, तर खुशाल कोल्होबाकडे जा. तिथे काहीच नकली नाही. परीक्षकाने स्वतः सांगितलंय.