फुली तिथे सही

कन्येनं कागद पुढे केला आणि मी सही केली. गुन्हा म्हणाल तर एवढाच. बावीस वर्षं जावक विभागात कारकुनी केलेल्या माणसाला कागद वाचायची सवय राहत नाही हो. पेन्सिलीची फुली दिसली की हात आपोआप चालतो. (फुली नसेल तर मी कागद परत पाठवतो. तोही न वाचता.)

कागद होता कन्येच्या शाळेतल्या मंडळांचा. ही मंडळं म्हणजे शुद्ध थोतांड आहे, असं माझं स्पष्ट मत. आमच्या वेळी शाळेत एकच मंडळ होतं. ते वर्गाबाहेर अंगठे धरून भरायचं आणि मी त्याचा कायमचा सभासद होतो. आता म्हणे निसर्गनिरीक्षण मंडळ! म्हणजे काय, तर खिडकीतून बाहेर बघत बसायचं. आम्ही हेच करायचो तेव्हा खडू फेकून मारायचे, आता प्रमाणपत्र देतात. टपाल तिकीट मंडळातल्या पोरांनी जन्मात एक पत्र टाकलेलं नाही, पण तिकीट उचलायला चिमटा लागतो. नाट्य मंडळाबद्दल तर बोलायलाच नको. अठरा जण आहेत आणि अठराही दिग्दर्शक.

आमची कन्या नववीत आहे आणि दुरुस्ती मंडळाची प्रमुख आहे. जिन्याखालच्या खोलीत सात पोरं बसून लोकांच्या इस्त्र्या न् रेडिओ उघडतात.

"उघडायला काय, कुणीही उघडेल," मी म्हणायचो.

"चौतीस वस्तू चालू करून दिल्यात, बाबा."

"हो का? वा वा," मी म्हणायचो आणि पेपरचं पान उलटायचो.

गुरुवारी ऑफिसात मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "दुरुस्ती मंडळाचे पालक-मार्गदर्शक तुम्हीच ना?"

"छे! मी कसला मार्गदर्शक?"

"तुमची सही आहे."

बाईंनी नियम वाचून दाखवला. शनिवारच्या प्रदर्शनात प्रत्येक मार्गदर्शकानं स्वतः प्रात्यक्षिक करायचं. ज्याचा मार्गदर्शक करणार नाही ते मंडळ बंद, आणि जिन्याखालची खोली नाट्य मंडळाला, कपडे ठेवायला.

घरी सांगितलं तर बायको हसून हसून बेजार. "अहो, तुम्ही दुरुस्त करणार? दारावरची घंटा दुरुस्त केलीत, तेव्हापासून न्हाणीघराचा दिवा लावला की ती वाजते!"

कन्या हसली नाही. "खोली गेली तर मंडळच गेलं," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला. तेवढ्यात माझ्यातला कारकून जागा झाला. वस्तू आधी बिघडलेलीच असली पाहिजे, असा नियम थोडाच होता?

शुक्रवारी सकाळी कुणाचं लक्ष नाही असं बघून मी आमच्या चालू टेबलफॅनचं बूड उघडलं, बटणाची एक वायर काढली आणि पुन्हा बंद केलं. आता शाळेत जायचं, पंखा बंद आहे हे दाखवायचं, वायर जोडायची, टाळ्या घ्यायच्या. (हे सुचल्यावर मी आरशात स्वतःकडे जरा कौतुकानं पाहिलं.)

संध्याकाळी कन्या म्हणाली, "बाबा, तो टेबलफॅन ना—"

"माहितीये."

"नाही, पण मी त्याचं—"

"अगं, माहितीये म्हटलं ना! तू फक्त उद्या बघ."

शनिवारी शाळेचा हॉल गच्च भरला होता. आमच्या शेजारच्या टेबलावर टपाल तिकीट मंडळानं तीनशे तिकिटं ओळीनं मांडली होती. न चिकटवता, कारण म्हणे चिकटवली की किंमत जाते. समोर खुर्चीत मुख्याध्यापिका बाई, हातात वही. नाट्य मंडळाचा एक दिग्दर्शक तर खोली मोजायला टेप घेऊनच आला होता.

"हा पंखा," मी खाकरून म्हणालो, "चार महिने बंद आहे. भल्याभल्यांनी हात टेकले."

कन्येनं माझी बाही ओढली. "बाबा, ऐका ना."

"आता नाही. बघा, प्लग लावला. बटण दाबतो. एक नंबर कशाला, थेट तीन नंबर दाबतो. काही होतं का?"

झालं. गेल्या चार वर्षांत आमच्या पंख्याचा तीन नंबर कधी चालला नव्हता, तो असा काही सुटला की तीनशे तिकिटं एकदम हवेत! बाईंची वही फडफडली, माझी टोपी निसर्गनिरीक्षण मंडळाकडे गेली आणि त्यांनी तिची नोंद घेतली. एक तिकीट बाईंच्या चष्म्यावर जाऊन बसलं. पंखा बंद करायचं मला सुचेचना. शेवटी कन्येनं शांतपणे प्लग काढला.

"दुरुस्त कोणी केला हा?" बाईंनी चष्मा पुसत विचारलं.

"मी, काल दुपारी. आई म्हणाली चालत नाही, म्हणून उघडला. तीन नंबरचं जुनं दुखणं होतं, तेही काढलं. बाकी नुसती वायर सुटली होती." कन्येनं पंखा उलटा करून बूड दाखवलं. "म्हणजे, कोणीतरी काढली होती. स्क्रूवर नवे ओरखडे होते."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मला मनापासून लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर पोरीचा अभिमानही. पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. मी खाली वाकून तिकिटं गोळा करत होतो. (चिमट्यानं. ती पोरं हात लावू देत नव्हती.)

बाईंनी वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "मंडळ चालू राहील. खोलीही राहील. मार्गदर्शकाची अट या मंडळापुरती रद्द."

दिग्दर्शकानं टेप खिशात घातली.

रविवारी सकाळी चहाच्या वेळी कन्येनं पुन्हा एक कागद पुढे केला. खाली फुली होती. माझा हात पेनाकडे गेला, पण मी आवरला आणि बावीस वर्षांत प्रथमच वाचायला घेतलं. दुरुस्ती मंडळाचा वस्तू जमा करून घेण्याचा फॉर्म होता. वस्तू : बाबा. तक्रार : ऐकत नाही, वाचत नाही. किती दिवसांपासून : लग्नापासून. मंडळाचा शेरा : जुना माल आहे, प्रयत्न करून बघू.

"फार शहाणी झालीस!" मी म्हणालो आणि मुकाट्यानं पेन उघडलं.

"अहो, थांबा," बायकोनं पेन काढून घेतलं. "फुली मालकाच्या सहीपुढे आहे."

आणि तिनं सही केली. सगळं दोनदा वाचून.