चामोर्शी, व्हाया राजुरा

"राजुरा, चामोर्शीले सांगा, नदीचं पानी कुठवर आलं ते मूलवाले विचारून राह्यले. ओव्हर."

मूलला देवाजी आपल्या राइस मिलच्या माडीवर बसून मायक्रोफोनात बोलत होते. चामोर्शीच्या बापूजींना हे शब्दन्‌शब्द ऐकू आलं. त्यांनी खाकरून उत्तर दिलं, "राजुरा, मूलले सांगा, घाट बुडाला. डोंगे बंद आहेत. ओव्हर." हेही देवाजींना लख्ख ऐकू आलं, पण त्यांनी तोंडावरची माशीसुद्धा हलू दिली नाही. राजुऱ्याच्या बिरजूनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली.

वैनगंगेला पूर आला की चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे होत. रस्ता पाण्याखाली जाई, तारेचे खांब आडवे होत, आणि पलीकडच्या गावांचं काय झालं ते कुणालाच कळत नसे. अशा वेळी उपयोगी पडायचं ते या तिघा हौशी रेडिओवाल्यांचं जाळं. तिघांनी रीतसर लायसन काढलं होतं, आणि महायुद्धानंतरच्या लिलावातले जुने सेट दुरुस्त करून घरात मांडले होते. पुरात आपसांत निरोप फिरवायचे, त्याला ते 'नेट' म्हणत. नेटचा कारभार देवाजींकडे होता. त्यांनी नाव पुकारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, आणि बिनलायसनच्या माणसानं मायकाला हात लावायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. त्यांची बायको आशाबाई माडी झाडताना टेबलाला वळसा घालून झाडत असे.

आता देवाजी आणि बापूजी सरळ का बोलत नव्हते, तर ते व्याही होते. दोस्ती रेडिओवरच झाली, आणि त्या दोस्तीतूनच देवाजींच्या चंदाचं लग्न बापूजींच्या पोराशी ठरलं. लग्नात देवाजींनी स्वतःच्या हातानं जोडलेला भोंगा मांडवावर चढवला होता. पंगतीत, चार लोकांसमोर बापूजी बोलून गेले, "व्याही, तुमच्या भोंग्यात गुणगुण येते."

दुसऱ्या कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. पण रेडिओवाल्याला असं म्हणणं म्हणजे त्याच्या खानदानावर बोलणं.

"गुणगुण भोंग्याची नोहे," देवाजी म्हणाले, "तुमचे वऱ्हाडी घोरून राह्यले मांडवात."

झालं. त्या दिवसापासून अबोला. घरातला अबोला जसा भिंतीला किंवा मांजराला सांगून निभावतात, तसा यांनी तो बिरजूला सांगून निभावला. बिरजू कोळसा खाणीवरचा इलेक्ट्रिशियन, गरीब स्वभावाचा आणि अजून बिनलग्नाचा. तो बिचारा दोघांचा पोस्टमन झाला.

खरी पंचाईत चंदाला दिवस गेल्यावर झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण देवाजी म्हणत, "पाठवतो म्हून त्यायनं सांगावं." आणि बापूजी म्हणत, "नेतो म्हून त्यायनं विचारावं." आशाबाईंनी डिंकाचे लाडू वळून ठेवले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, आणि रोज नवऱ्याला टोचलं. शेवटी बिरजूमार्फत विचारू, असं देवाजी कबूल झाले, आणि नेमका त्याच दिवशी पूर आला.

"राजुरा, मूलले सांगा," बापूजींचा आवाज पुन्हा आला, या वेळी जरा चढलेला, "सुनेले सकाळपासून कळा सुरू आहेत. सोमारी सुईण बसली आहे. ओव्हर."

जिन्यात उभ्या असलेल्या आशाबाईंनी ते ऐकलं. बिरजूची वाट न बघता त्या डोक्यावर पोतं घेऊन भर पावसात निघाल्या आणि दवाखान्याच्या डॉक्टरांना दंडाला धरून घेऊन आल्या.

डॉक्टर नागपूरहून नवीनच आले होते. ओला कोट झटकत ते म्हणाले, "कळा किती वेळानं येताहेत, विचारा."

देवाजींनी बिरजूला सांगितलं. बिरजूनं बापूजींना सांगितलं. बापूजींनी ओसरीवरून आपल्या बायकोला, नीलाबाईंना, हाक मारली. नीलाबाई आतल्या खोलीत जाऊन सोमारीला विचारून आल्या. मग तोच प्रश्न उत्तर होऊन त्याच वाटेनं परत निघाला. तो मूलला पोचेपर्यंत चंदाला आणखी कळा येऊन गेल्या होत्या आणि उत्तर शिळं झालं होतं.

"अहो, पण चामोर्शीचं बोलणं मला इथं ऐकू येतंय!" डॉक्टर म्हणाले. "त्यांना तुमचं ऐकू येत नाही का?"

"येते ना."

"मग सरळ का नाही बोलत?"

"बोलणं बंद आहे," देवाजी म्हणाले.

डॉक्टरांनी आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाईंनी आढ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मायकासाठी हात पुढे केला, तर देवाजींनी तो छातीशी धरला. "लायसन आहे का तुमच्यापाशी?"

तिकडे राजुऱ्याला बिरजूला दरदरून घाम फुटला होता. पाण्याची पातळी सांगणं वेगळं, आणि हे वेगळं. लग्नाआधी हे सगळं तोंडानं बोलायची पाळी येईल, असं त्याला लायसन देणाऱ्या साहेबांनी सांगितलं नव्हतं. "चामोर्शी, मूलवाले विचारते का... का ते... बाईचं... तुमीच आइकलं ना बापूजी? समजून घ्या ना जी. ओव्हर."

"राजुरा, बराबर सांग! नियम म्हंजे नियम!" दोन्हीकडून एकदम ओरडा झाला. या एका बाबतीत व्याह्यांचं एकमत होतं.

आणि मग चामोर्शीहून आलं, "राजुरा, मूलले सांगा, सोमारी म्हनते लेकरू पायाळू आहे. पाय पयले येऊन राह्यले. काय करू ते विचारा. लवकर विचारा. ओव्हर."

आशाबाई खाली बसून देवाचं नाव घेऊ लागल्या. डॉक्टरांचा चेहरा बदलला. देवाजी बिरजूची वाट पाहू लागले. रेडिओत नुसती खरखर होती.

"राजुरा. राजुरा. मूल बोलावते. ओव्हर."

खरखर.

"राजुरा, काऊन बोलत नाई गा?"

राजुरा बंद पडलं होतं. आता हवेत फक्त दोन स्टेशनं उरली, मूल आणि चामोर्शी. दोघांनीही बटण दाबलं, दोघांनीही सोडलं. देवाजींना लेक डोळ्यांसमोर दिसत होती. पण एवढे दिवस जपलेला अबोला मोडायचा म्हणजे हार कबूल करायची. मग त्यांनी पळवाट काढली.

"हे मूल स्टेशन. कोनीही आइकत असन त्यानं आइकावं. डॉक्टर म्हनते, लेकराले ओढू नोका. ओव्हर."

पलीकडून लगेच आलं, "हे चामोर्शी स्टेशन. कोनालेही सांगतो. ओढत नाई. पुढं काय? ओव्हर."

"कोनीही आइका. खाली फक्त हाताचा आधार द्या. पोरीले म्हना, कळ आली का जोर कर."

"कोनालेही सांगतो, समजलं."

डॉक्टर सांगत गेले, देवाजी 'कोनीही'ला सांगत गेले, आणि चामोर्शीला तो 'कोनीही' धावत आतल्या दारापर्यंत जाऊन येत राहिला. मग एकदा चामोर्शीचं बटण दाबलं गेलं. नुसता बापूजींचा श्वास ऐकू आला. मग बटण सुटलं.

"बोलावं कोनीतरी," देवाजी म्हणाले. "चामोर्शी? आहे का कोनी?"

"देवाजीभाऊ," पलीकडून हळू आवाज आला, "मले लई भेव लागून राह्यला."

देवाजींनी डोळे मिटले. त्यांना भोंगाही आठवला नाही आणि पंगतही आठवली नाही. "व्याही, मी इथीच आहो. डॉक्टर आहेत. चंदाची माय आहे. हलत नाई कोनी. तुमी सेटच उचलून दारापाशी न्या, सोमारीलेच डॉक्टरचं आइकू द्या." आणि त्यांनी मायक डॉक्टरांच्या हातात दिला. लायसनची गोष्ट कुणी काढली नाही.

त्यानंतर माडीवर फक्त डॉक्टरांचा आवाज होता, आणि पलीकडून सोमारीचा, "हो बाप्पा, हो," असा. मग तोही थांबला. मग रेडिओ फाटेल असं एक लेकरू रडलं.

"पोरगी!" बापूजी ओरडले. "देवाजीभाऊ, नात झाली! दोघी चांगल्या आहेत!"

आशाबाई रडत रडत हसल्या. देवाजींनी टोपी काढून डोळे पुसले. तेवढ्यात रेडिओत कुणीतरी खाकरलं.

"राजुरा बोलून राह्यलो. काई निरोप आहे का? ओव्हर."

"बिरजू!" देवाजी डॉक्टरांच्या हातातल्या मायकातच वाकून बोलले. "समजलं मले. आमी दोघं बोलावं म्हून तू मुद्दाम बंद केलं होतं ना सेट? लई मोठ्या मनाचा माणूस आहेस गा तू."

"नाई जी, खोटं कायले बोलू? ते पायाळू आइकलं न्‌ मले चक्कर आली. मी बटन बंद करून खाली होटेलात चहा प्याले गेलतो. काय झालं मंग?"

त्याला नात झाल्याचं दोघा आजोबांनी एकाच वेळी सांगितलं. मग बापूजी आनंदाच्या भरात म्हणाले, "व्याही, बारशाले भोंगा तुमचाच लागन, बरं! थोडी गुणगुण आली तं येऊ द्या, नात तशीही जोरात रडते."

देवाजींचे कान लाल झाले. खरं म्हणजे नातीच्या रडण्यामागे चामोर्शीचा सेट मघापासून गुणगुणत होता, आणि हे त्यांनी मोठ्या मुश्किलीनं पोटात ठेवलं होतं. त्यांनी डॉक्टरांच्या हातातून मायक घेतला, पाठ ताठ केली आणि बटण दाबलं.

"राजुरा, चामोर्शीले सांगा..."

"बोला मूल," बिरजू घाबरत म्हणाला.

आशाबाई उठल्या. ज्या टेबलाला इतकी वर्षं वळसा घालून झाडलं, त्याच्यापाशी सरळ येऊन त्यांनी नवऱ्याच्या हातातून मायक काढून घेतला.

"बिरजूभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी आणखी एक कप चहा पिऊन या. ओव्हर."