काचेपलीकडची मंदी

बायकोच्या हुशारीवर नवऱ्याचा देवावर नसेल एवढा विश्वास. ती बँकेत सरकारी कर्जरोख्यांचं काम बघायची. उद्या संचालकांना व्याजदरांची रेघ समजावून सांगायची होती. जमलं तर ती खातेप्रमुख, नाहीतर ये रे माझ्या मागल्या. मागच्या खेपेला अर्धे संचालक पेंगले होते.

सरावासाठी तिने स्वयंपाकघराच्या काचेच्या दारावर रेघ ओढली आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"डावीकडे थोड्या मुदतीचे रोखे, उजवीकडे लांबच्या मुदतीचे. पैसे जास्त दिवस अडकले की व्याज जास्त, म्हणून रेघ वर चढते. ती उलटी घसरली, तर समजायचं, बाजाराला मंदीची धास्ती पडलीय."

"वा! काय समजावतेस गं!"

ती खुशीत ऑफिसला गेली. नवरा चहा करायला आत शिरला, दार लोटलं आणि सहज मान वर केली. रेघ घसरत होती!

'बिचारीने जाता जाता नवे आकडे बघून बदलली असणार,' त्याच्या मनात आलं. 'मी घाबरेन म्हणून बोलली नाही. केवढं मन!' चहा उतू गेला. त्याने आधी सुताराला फोन केला.

"ते ठरलेलं कपाट नको. मंदी येतेय."

"कोण म्हणतं?"

"आमची ही."

"वहिनी म्हणतात? मग येणारच!" सुताराने लगेच स्वतःची नवी स्कूटर रद्द केली. स्कूटरवाला या नवराबायकोच्याच इमारतीत वर राहायचा. त्याने घराचा रंग पुढे ढकलला. संध्याकाळी ती परतली, तर रंगारी जिन्यातच हात जोडून उभा.

"ताई, किती दिवस चालेल हो?"

सगळा उलगडा झाल्यावर तिने नवऱ्याला हाताला धरून दाराच्या अलीकडे आणलं. आतून, काचेपलीकडून उलटी दिसलेली रेघ इथून ऐटीत वर चढत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझं नाव घालवलं मी."

ती मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग तिने उद्याचं सगळं भाषण बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आली.

"कपाटाचीच गोष्ट सांगितली. नुसत्या धास्तीने माणसं हात आखडतात आणि खरोखरची मंदी येते, हे पहिल्यांदा कळलं त्यांना. एकही पेंगला नाही!"

नवऱ्याची छाती फुगली. "मग आता सुताराला बोलावू?"

"बोलवा. पण कधी ते आधी मला सांगा. अध्यक्ष म्हणाले, रेघ राहू द्या, तुमच्या घरी कपाट आलं की कळवा. मगच आम्ही पैसे गुंतवू."